सत्तावीस नंबर

लोक विचारतात, जुरेमाबाई, एकोणीसच?
साओ पावलोच्या एका दंतवैद्याकडे म्हणे दोन हजार आहेत,
काचेच्या कपाटात, आतून दिवे सोडलेले.
असू देत. त्याचे दात, त्याचे दिवे.

मला सगळं नकोच आहे.
सीलबंद खोकी नकोत, ज्यांत कुणी एकदाही मेलेलं नाही.
दुर्मिळ नको, सोनेरी नको,
लिलावात ज्यापायी शहाणी माणसं गुरगुरतात ते तर नकोच.
मला हव्यात ओतासीलियोच्या दुकानातल्या कॅसेटी,
पेलोतासमधल्या, बिस्किटांच्या कारखान्यामागच्या,
जिथे तासावर खेळायला मिळायचं
आणि शनिवारी नेलेली कॅसेट सोमवारी आली नाही
तर दंड, वर आईला निरोप.
प्रत्येकीवर पिवळं लेबल, निळ्या शाईत नंबर,
साताच्या पोटात आडवी रेघ.
एकूण त्रेचाळीस.
दुकान बुडालं तेव्हा त्यानं त्या वाटून टाकल्या,
भाड्यापोटी, उधारीपोटी,
एक तर न्हाव्याला, दाढीपोटी.

तीस वर्षं मी बाजारातून बहुतेक
रिकाम्या हातानं घरी येते.

जूनमधला रविवार. धुकं इतकं
की दुकानदार आधी खोकतात, मग दिसतात.
वाग्नेर नावाच्या पोरानं एक कॅसेट पुढे केली.
उजव्या कोपऱ्याचा टवका उडालेला.
तो मी उडवला होता, चौऱ्याण्णव साली, सायकलवरून पडून.
आधी कॅसेट पाहिली होती, गुडघा नंतर.

पण लेबल नव्हतं.
‘स्पिरिटनं घासून काढलं,’ तो म्हणाला, ‘नवीकोरी केली,
म्हणून चाळीस रेआल.’
मी अंगठा फिरवला. जिथे डिंक असायचा तिथे
काहीच लागलं नाही, इतकं नीट काम.

त्याच्या मागे, उलट्या बादलीवर, त्याची बहीण.
सहा वर्षांची, मांडीवर बिस्किटांचा डबा,
डब्यावर चिकटवलेलं काय काय:
केळ्यावरचा आकडा, बसच्या सीटचा,
दवाखान्यातल्या कुठल्याशा खाटेचा,
आणि झाकणाच्या मधोमध
पोटात रेघ असलेला सात.

दहा रेआल देऊ केले. मग वीस. मग फुलपाखरांची अख्खी पट्टी.
‘चित्रं नको,’ ती म्हणाली, ‘चित्रं कुणीही जमवतं.
मी नंबरवालीच ठेवते.’
आणि माझ्याकडे तिनं असं पाहिलं
जसं मी इतकी वर्षं विकणाऱ्यांकडे पाहत आले.
तायनारा नाव तिचं. चोखंदळ बाई आहे.

चाळीस मोजले. घासाघीस केली नाही.
पण कॅसेट फळीवर नाही ठेवली, नियम तो नियम.
स्वयंपाकघरात आहे, माते चहाच्या भोपळ्याशेजारी.
रात्री लावून पाहिली.
वाटलं होतं, आत माझं नाव असेल.
तीन खात्यांपैकी दोन रिकामी,
तिसऱ्यात कुणीतरी ‘आआआआ’,
नाव टाकायचाही कंटाळा केलेला,
पाचव्या दरवाजापाशी उभा.
त्यालाही किल्ली सापडली नव्हती तर.

पुढच्या रविवारी जाणार आहे, डबा बघायला.
नुसता बघायला.
बरोबर कोटाच्या खिशातला जुना बिल्ला नेतेय,
नाट्यगृहात कोट ठेवून घेताना देतात तो, एकशे सात नंबरचा,
परत द्यायचा राहिलेला.
देऊन टाकीन तिला.
बदल्यात काही मागणार नाही.
बहुधा.