शुक्रवारची पहिली वीस मिनिटं

भोसरीत गुरुवारी वीज सुट्टीवर असते.
शुक्रवारी सकाळी शेडचं शटर वर गेलं
की आत गार लोखंडाचा वास,
आणि परवाचं कुलंट, जरा आंबलेलं.

इनामदार चाचा आधी ग्राइंडर चालू करायचे,
रिकामाच.
ना जॉब, ना ड्रॉइंग.
वीस मिनिटं चाक नुसतं फिरायचं
आणि ते शेजारी उभे, चहाचा ग्लास हातात,
मान किंचित कलती,
लांबून कुणी हाक मारतंय तशी.

नव्या साहेबांनी हिशेब मांडला:
वीस मिनिटं गुणिले बावन्न शुक्रवार.
पाटी लागली, मशीन रिकामं चालवू नये.
चाचा काही बोलले नाहीत.
मे महिन्यात रिटायर झाले,
नारळ, शाल, भिंतीवरचं घड्याळ.

जूनपासून माझ्या टेबलावर
नापास स्पूल यायला लागले.
चार मायक्रॉन. कधी पाच.
केसाचा विसावा भाग असेल नसेल.
चाक बदललं, स्टीलची बॅच बदलली,
बिभीषणची पाळी बदलली, त्याची काही चूक नव्हती.
मग आलेख काढले, रंगीत.
आलेख म्हणाले: शुक्रवार.
का, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

दिघीला गेले, पत्ता विचारत.
चाचा उंबऱ्यात बसून कुकरची शिट्टी दुरुस्त करत होते.
"दिवसभर झोपलेल्या माणसाला
उठल्या उठल्या सुईत दोरा ओवायला लावशील का?
स्पिंडलला ऊब येऊ दे. तो वाढतो थोडा, मग थांबतो.
आवाजातली किरकिर गेली की समजायचं."

कुठे शिकलात, विचारलं
तर आतून बिस्किटांचा डबा आणला.
त्यात वाया गेलेले अकरा जॉब,
तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळलेले.
सर्वांत जुना सत्त्याऐंशी सालचा.
"याचे तीस रुपये पगारातून कापले होते," म्हणाले,
आणि परत गुंडाळून ठेवला.

आता प्रोग्राम आहे.
सेन्सर तापमान बघतो, कंट्रोलर मशीन उबवतो,
सोळा मिनिटांत काम होतं.
चार मिनिटं वाचली, साहेब खूश.
प्रोग्रामला नंबर हवा होता, मी ४१७ दिला.
चाचांचा टोकन नंबर.
कुणी विचारलं नाही.

बिभीषण मात्र दर शुक्रवारी
ग्लास घेऊन उभा राहतो मशीनपाशी.
परवा म्हटलं, काय ऐकू येतं रे?
"अजून काही नाही, मॅडम."