एकशे बारा पावलं

साहेब म्हणाले, रस्ता मोजून आण.
नवतपाचा दुसरा दिवस. मी टेप घेतला,
दुपट्ट्यात तोंड गुंडाळलं, डोळे तेवढे उघडे,
आणि प्रतापनगर चौकातून निघाले.

रुंदी अठरा मीटर. सिमेंट.
कडेची पायवाट दीड मीटर, कागदावर.
तिच्यावर एक डीपी, कुणाच्या तरी जिन्याच्या दोन पायऱ्या,
कूलरचा वाळा विकणारा माणूस,
आणि एक खोड, कापलेलं, बरोबर बसायच्या उंचीचं.
बसणार कोण?
सावली त्याच्यासोबतच गेली होती.

समोरून एक बाई नागमोडी येत होती,
अलीकडे, पलीकडे, पुन्हा अलीकडे.
मी हात धरायला धावले.
"भोवळ नाही आली वं माय," ती म्हणाली,
"सावली तिकडं हाय नं."

पंचफुला मेश्राम. पाच घरचा स्वयंपाक.
सकाळी उगवतीची बाजू, चारनंतर मावळतीची,
आणि बारा वाजता देवाची मर्जी.
त्या दिवशी बारा वाजता
आमच्या सावल्या आमच्याच चपलांखाली शिरल्या.

मी टेप गुंडाळला. तिच्या मागून चालले.
औषधाच्या दुकानाचा छज्जा: नऊ पावलं.
बँकेचा जनरेटर: सावली आहे, पण अंगावर फुंकतो,
तिथून ती पळते.
एकटा कडुनिंब: चौदा. इथे ती पिशवी खाली ठेवते.
खापेकर सरांच्या गेटवरची मधुमालती: तीन,
त्याही सर घरी नसले तर.
मग थेट रिंग रोडपर्यंत काही नाही.
"मोज," ती म्हणाली, आणि तोंड मिटलं.
एवढ्या टप्प्यात ती बोलत नाही.
एकशे बारा.

मी ऑफिसात रस्ते काढते.
माझ्या पडद्यावर झाड म्हणजे हिरवा गोल,
एक काढायचा, बाकीचे चिकटवायचे.
आळं नको, पाणी नको.
नकाशात सूर्य नसतो,
फक्त उत्तर दाखवणारा एक बाण असतो.

"भादव्यात येजो," ती म्हणाली होती, "तवा अजून सांगतो."

भादव्यात गेले.
आभाळ पातेल्यावरच्या झाकणासारखं,
हवा ओल्या पोलक्यासारखी पाठीला चिकटलेली.
कडुनिंबाखाली उभी राहिले, घाम वाळेना.
पंचफुलाबाई तिथे थांबलीच नाही.
बंगल्यांच्या आठ फुटी भिंती सोडून
ती मैदानाच्या जाळीकडेनं चालली,
उन्हातून, मुद्दाम.
"वैशाखात सावली पाह्यजे, भादव्यात वारा.
भिंत जराशी ठेंगणी केली त काय चोर येते?
सांग तुह्या सायबाले."

सांगितलं.
जाळीची भिंत, पोटरीच्या उंचीची. नऊ पावलांवर एक कडुनिंब.
आळ्याभोवती सिमेंट नाही, माती.
फाइल परत आली: गाड्या कुठे लावणार?

हल्ली मी घरी नागमोडी जाते.
परवा एका पोरानं विचारलं, काकू, बरं नाही का?

आज पुन्हा फॉर्म भरला.
रुंदी, लांबी, गटार, दिव्यांचे खांब.
पावलांना रकाना नाही.
समासात लिहिलं: ११२.
साहेबांनी चष्मा वर केला,
"हे काय, मीटर?"

ऊन, मी म्हटलं.