दक्षिण तरफ

मागच्या परसात, चारुबहेनच्या भिंतीला टेकून
माझी खोली आहे. दहा बाय बारा, वर पत्रा.
लोक म्हणतात शेड. मी म्हणते कारखाना.
इथे मी पुस्तकं बांधते.
विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मी निवृत्त झाले,
सुई आणि मेणाचा दोरा झाले नाहीत.

घरातून इथवर वायर आणायची
तर पारिजातकाची मुळं उकरावी लागली असती.
म्हणून ऊन.

कनु राठवा टेम्पोतून आला,
दोन पॅनल आडवी, मधे गोधडी.
कवांटकडचा मुलगा, बोलायला सावकाश,
शिडीवर मात्र खार.
पत्र्यावरून त्यानं मोबाईलमध्ये दिशा पाहिली
आणि वरूनच सांगितलं,
"मासी, मोढुं दक्षिण तरफ."

दक्षिण तरफ.
आमच्याकडे वातीचं तोंड तिकडे करत नाहीत.
आई तर पाटसुद्धा फिरवून मांडायची.
साठ वर्षं मी त्या दिशेला पाठच दिली,
पितरांना पाणी देताना अच्युत तिकडे वळायचा
तेव्हाही मी तांब्याकडे बघायची.

"उत्तरेला नाही चालणार?"
कनु हसला नाही.
"चालशे. पण भराशे कमी."
मग मी गप्प. कमी भरलेलं
मला पाण्याचं पिंपही खपत नाही.

बावीस अंशांचा कल.
त्यानं लोखंडात तो कोन बांधला
आणि मला ओळखीचा वाटला:
दोघांनी उचलायचे जाडजूड कोश
ज्या उतरत्या फळीवर आम्ही उघडत असू,
तिचा तो उतार.
दोन निळी पानं,
मधे कण्यासाठी चार बोटं जागा.

पण चिकू!
चारुबहेनचा चिकू चार वाजता डावं पॅनल झाकतो.
"एक ढंकाय तो बीजुं पण ढीलुं," कनु म्हणाला,
"सिरीजमां छे ने."
मला समजावायची गरज नव्हती.
अच्युतच्या पाठदुखीच्या वर्षी
मी मोजून सात पुस्तकं बांधली होती.

चारुबहेन भिंतीवरून म्हणाल्या, फांदी कापू,
पण फळ उतरल्यावर. आत्ता कशी? भरलीय ती.
तेही खरंच.
तेव्हा होळीपर्यंत चारनंतर
गोंदाची शेगडी नाही, नुसता दिवा.

इन्व्हर्टर कुठे लावायचा, ते मात्र मी सांगितलं.
भिंतीवर खिळ्यानं ओढलेली रेघ दाखवली.
इथवर आली होती विश्वामित्री.
खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं
फुगून विटा झाली होती,
आणि पाणी ओसरल्यावर दारात,
ओल्या पुठ्ठ्यांच्या ढिगावर
हातभर लांब मगरीचं पिल्लू.
ऊन खात.
वनखात्याची मुलं येईपर्यंत दीड तास
ते हललं नाही. मीही नाही.
पाठीवर काळे चौकोन, ओळीनं,
सगळे उन्हाकडे कललेले.
त्याला दिशा कुणी सांगितली असेल?

कनुनं रेघेच्या वर दोन विती मोजल्या
आणि भोक पाडलं.
जाताना बजावलं, काच पहाटे धुवा,
तापल्यावर पाणी घालू नका, तडकेल.
चहा मात्र त्यानं तापलेलाच घेतला, बशीत ओतून.

संध्याकाळी देवापुढची वात पूर्वेला,
रोजच्यासारखी.
मग चपला घालून परसात गेले, बटण दाबलं.
या दिव्याला तोंडच नाही.
भिंतीवरच्या रेघेवर पडला,
कात्रीवर, दाबयंत्राच्या चाकावर,
दाराबाहेर पारिजातकाच्या बुंध्यापर्यंत.

फुगलेल्यांपैकी एक मी टाकलं नव्हतं,
कुठल्याशा बागेतल्या झाडांची जुनी यादी,
बी कुठून आलं, कधी लावलं, कोणी पाणी घातलं.
पातळ सुरीनं एकेक पान सोडवत बसले.
सतराव्या पानापर्यंत आले: रिठा, दोन रोपं,
पुढे शाई पसरलेली.

पंखाही आता लागतो.
लावला नाही. कागद उडतात.