रोज पाच ओळी

सदतीस वह्या गोणीत भरून, स्कूटीच्या पायाशी ठेवून
मी पारोळ्याच्या वाटेवर बोरीचा पूल ओलांडते
तेव्हा त्या आतल्या आत कुरकुरतात,
जणू कुणी अजून खाडाखोड करतंय.

आठवीचा वर्ग. नियम एकच:
रोज पाच ओळी, इंग्रजीत.
चुकल्या तरी चालतील,
चुकवल्या तर नाही.

जूनमध्ये सगळ्यांनी एकच गाय लिहिली.
गाइडमधली, चार पायांची, कधीच शेण न टाकणारी.
जुलैत भटू कोळीनं स्वतःची शेळी लिहिली:
माय गोट इज ईट माय होमवर्क.
मी 'ईट'ला शेपूट लावलं, 'ईटिंग',
आणि विचारलं, खरंच?
त्यानं वहीचा कुरतडलेला कोपरा दाखवला.
मग हळूहळू गाइडची गाय दावं तोडून गेली.

सोपं नाही ते.
घरी 'शे', फळ्यावर 'आहे', वहीत 'इज'.
तीन उंबरे चढून एक वाक्य येतं,
येताना काहीतरी वाटेत सांडतं.
बहुतेक वेळा 'द' सांडतो.
आपल्या बोलण्यात त्याला बसायला पाटच नाही.
मी सांगते, अनोळखी असेल तर 'अ',
ओळख झाली की 'द'.

दिवाळीनंतर वह्यांतून कापूस निघतो,
पानांना चिकटलेला, कधी एखादी सरकीही.
तेव्हाच हर्षाली बडगुजरच्या वहीत आलं:
अ मॅन केम टू अवर हाउस.
दुसऱ्या दिवशी: द मॅन केम अगेन. ही एट शेवभाजी.

पाच महिन्यांत पहिल्यांदा 'द' जागेवर बसला होता!
मी 'व्हेरी गुड' लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या,
स्टाफरूममध्ये वाचूनही दाखवलं.
त्याखालची ओळ मी वाचली होती की नाही, आठवत नाही.
माय सिस्टर नॉट टॉक.
मधे फक्त 'डिड' घातलेलं आहे,
माझ्याच अक्षरात.

डिसेंबरात: द मॅन लिव्ह इन उधना.
मी 'एस' लावला.
मग तीन दिवस वही कोरी, लग्नघराची हळद लागलेली.
मग एकच ओळ:
आय हॅड अ सिस्टर.

मी 'हॅड'भोवती गोल केला, तिला जवळ बोलावलं.
जयमाला आहे ना गं? मग 'हॅव' लिही.
'हॅड' म्हणजे होती. संपलं.

ती वहीकडे बघत राहिली.
म्हणाली, मॅडम, आम्ही एका गोधडीत झोपायचो.
आता गोधडी उरते.

बी.एड.ला कुणी सांगितलं नव्हतं
असल्या वाक्याचा काळ कोणता.
गोल खोडावासा वाटला,
पण लाल शाई खोडली की जास्तच लाल दिसते.
शेजारी लिहिलं, राइट मोअर.

तिनं लिहिलं. जानेवारीभर, रविवारीसुद्धा.
कधी पाचाच्या सात ओळी, कधी लाइट गेल्यावर
मोबाइलच्या उजेडात, रेघ सोडून खाली उतरलेल्या.
स्पेलिंग अडखळत, उठत, चालायला लागलं.
'डिड' तिचा तीच घालू लागली.

काल रात्री जेवणं आटोपून वह्या काढल्या.
तिच्या वहीत होतं:
माय सिस्टर फोन्ड.
शी सेज देअर इज नो स्काय इन द रूम.

'देअर इज' मी अजून शिकवलेलं नाही.
दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं.
'द'सुद्धा बरोबर, खोली आता ओळखीची झालेली.
कुठंतरी एखादी चूक सापडावी
म्हणून मी त्या ओळीवर बसून राहिले.
सापडली नाही.

त्याखालची वही भटूची.
शेळी व्याली होती.
टू किड, त्यानं लिहिलं होतं.
मी 'एस' लावला.