आर्लिस पूल मोजते

सोळा वर्षं मी डलूथमध्ये हीच बस चालवतो,
सरोवराच्या कडेनं, टेकडी चढून पुन्हा खाली.
आर्लिस नीमी सात चाळीसला चढते,
माझ्या मागची पहिली सीट तिची,
पूल आला की मोठ्यानं आकडा सांगते.
एकूण सहा. नवखे दचकतात, जुने
वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणतात, बरोबर.

गेल्या नोव्हेंबरात ती मागे जाऊन बसली.
पूल आला. गेला. दुसरा आला.
आरशात फक्त तिची लोकरी टोपी दिसत होती.

मला वाटलं, सर्दी असेल.
हे लिहून ठेवतोय, कारण तसं वाटण्यात
नऊ दिवस गेले.

नंतर कळलं, तिनं सांगितलं होतं. तीनदा.
"डॅरिल गोळ्या देतो. डॅरिल दार लावतो."
वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या, लावायलाच हवं, थंडी आहे.
भाऊ फोनवर म्हणाला, तिला गोष्टी रचायची खोड आहे.
तिसऱ्यानं काय म्हटलं ते ती सांगत नाही.
लहानपणापासून तिच्याकडून एकच धडा घोटून घेतलेला:
सांगितलेलं ऐकायचं, ऐकते ती गुणी.
चौतिसाव्या वर्षीही ती गुणीच होती.

दहाव्या दिवशी शेवटच्या थांब्यावर ती उतरेना.
मी इंजिन बंद केलं.
ती म्हणाली, "घरी नको."
कंपनीनं दिलेली यादी खिशात होती,
टायर फुटला तर कुणाला फोन, आग लागली तर कुणाला.
"घरी नको"साठी कुणाला, ते त्यात नव्हतं.

बायकांच्या निवाऱ्यात लावला.
नोरीननं विचारलं, अर्ज भरता येईल का तिला?
तिच्या डे सेंटरला लावला. थॅडियस म्हणाला,
निवारा? आपल्या गावात?
दोघांच्या मधे चार चौक आणि एक बेकरी.
वीस वर्षं दोघं तिथूनच पाव नेत होते.

त्या रात्री नोरीन अर्ज न घेता आली.
थॅडियसनं चित्रांची वही आणली:
बस, भूक, संडास, चेंडू, आई.
आर्लिस पानं उलटत शेवटापर्यंत गेली,
पुन्हा पहिल्या पानावर आली.
तिला सांगायचं होतं त्याचं चित्र
कुणी काढलंच नव्हतं.

तेव्हापासून मंगळवारी आम्ही चर्चच्या तळघरात बसतो.
पोलिसातली पा हूआ, वर्दी घरी ठेवून,
इस्पितळातली एक नर्स, बेकरीवाली,
ती कशाला असं आधी सगळे म्हणाले,
पण गावाची खडान्‌खडा खबर तिलाच.
भांडणं होतात. कुणी कुणाला काय सांगायचं,
आर्लिसला न विचारता किती बोलायचं.
एकदा तीच दारात उभी. "माझं नाव घेतलं."
आम्ही सगळे गप्प. बेकरीवालीनं खुर्ची ओढली.
ती म्हणाली, अंगाची चित्रं खरी काढा,
फुलपाखरं नकोत.
आणि "नाही"चं पान सगळ्यात आधी.

त्या पानाची आम्ही तालीम करतो.
कॉफी देऊ? नाही. कोट काढू? नाही.
आधी प्रत्येक नाहीमागे ती "सॉरी" लावायची.
पाचव्या आठवड्यात सॉरी कुठेतरी सांडलं,
आम्ही शोधलं नाही.

खटला अजून उभा राहिलेला नाही.
वकील तारखा मागतो. तिला तारखा येत नाहीत.
ती म्हणाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी
चौथ्या पुलावर दिवेवाल्याची शिडी होती. लाल.
पा हूआनं रस्तेखात्याची वही मागवली.
शिडी होती. एकच दिवस, सहा नोव्हेंबर.
म्हणजे मागच्या सीटवर बसूनही
ती मोजत होती,
फक्त आवाज न करता.

आज ती नव्या घराकडून चढली, दोन थांबे अलीकडून.
पहिली सीट. खिडकीवर बोटानं रेघा.
डेपो जवळ आला तेव्हा मी म्हटलं,
झाले सहा.

"नाही," आर्लिस म्हणाली.
"इकडून सात."