उंची कळावी म्हणून

देवळालीच्या कुठल्याशा बंगल्याचा लिलाव झाला
आणि सटवाजी भंगारवाल्याने भांडीबाजारात
आमच्या फ्रेमच्या दुकानात आणून टेकवल्या
बेचाळीस काचा, लाकडी खोक्यात, खाचांत उभ्या.
साडेतीन रुपयांना सगळ्या.

काच जुनी, जाड, कडेला हिरवट.
दादा घंगाळात धुण्याच्या सोड्याचं पाणी उकळत,
एकेक आत सोडत.
दुधावरची साय सुटावी तसा काळा पापुद्रा सुटायचा,
खांब, मनोरे, शिडाच्या होड्या
सुरकुतत गटाराकडे जायचे.
खाली उरायची कोरी काच,
सप्तशृंगीला एक,
कुणाच्या वारलेल्या सासऱ्याला एक.

एकोणचाळिसावी त्यांनी उन्हात धरली.
आभाळ डांबरासारखं. सावल्या पांढऱ्या.
वाळूत गळ्यापर्यंत बुडालेलं देऊळ,
खांबांची नुसती डोकी वर,
आणि एका डोक्याला टेकून
पांढऱ्या चेहऱ्याचा, काळ्या पागोट्याचा माणूस.

हा कोण?
‘कुणी नाही. उंची कळावी म्हणून बसवलाय.’
आणि थोड्या वेळाने, घंगाळाकडे बघत,
‘आपण नाही का पुरात विचारत,
दुतोंड्याच्या कमरेला लागलं की छातीला?
नदीला स्वतःचं माप नसतं.’

कोपऱ्यात सुईने खरवडलेली उलटी अक्षरं.
मी आईच्या फणेरपेटीतला आरसा धरला,
अडखळत वाचलं: कोम ओंबो.
दादांना त्यातला ओम तेवढा ऐकू आला.
पाणी त्यांनी ओतून दिलं.
(उरलेल्या तीन काचा दुसऱ्या दिवशी धुतल्याच.)

नाईलकाठचं ते देऊळ दोन देवांचं आहे,
एक सुसरीच्या तोंडाचा, एक ससाण्याच्या,
हे मला कळलं तेव्हा
सांगायला दादा नव्हते.

त्या माणसाला कुणी तरी म्हणालं असेल,
वीस आकडे होईपर्यंत हलू नकोस.
तो हलला नाही.
बाकीचे आपापल्या कामाने चालत राहिले
म्हणून उमटले नाहीत.

मग ते साल आलं, पाणी दुतोंड्याच्या डोक्यावरून गेलं,
आमच्या दुकानात वरच्या फळीपर्यंत.
काच खिळ्यावर होती, तिथेच राहिली.
गाळाची रेघ तिच्यावर आडवी सुकली आहे.
मी पुसलेली नाही.

अजून कुणी गिऱ्हाईक विचारतं,
तुमच्याकडे कुठवर चढलं होतं?
मी बोट दाखवतो:
ह्याच्या छातीला.