अस्सलबरहुकूम

आजोबा हुजूर कचेरीत नक्कलनवीस होते.
मोडीत लिहायचे, हात न उचलता;
शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्यानं ठरवायचं.

मी बसते तिथेही नकलाच होतात.
पेशीच्या दप्तरात कुणी एक प्रथिन
नेमक्या ओळीवर येऊन बसतं
आणि म्हणतं, उतरवून घ्या.
झालं की उठतं.
गाठीत ते उठतच नाही.
तीच ओळ, वाढ वाढ वाढ वाढ,
बोरू खाली ठेवायला कुणी तयार नाही.

आम्ही फक्त त्याची बैठक अडवतो.
दप्तर जाळत नाही, शाई सांडत नाही.
त्याच्या आणि ओळीच्या मध्ये
सत्तेचाळीस नंबरचं औषध सरकवतो,
एक दिवसाआड, पोटात,
सुई मोहरीएवढीच आत.

फत्तेगंजच्या या इमारतीत, तळमजल्यावर,
रामसिंग राठवा उंदीर मानेशी धरतो,
भाजीवाला मेथीची जुडी धरतो तसा.
मी व्हर्नियर लावते.
लांबी गुणिले रुंदी गुणिले रुंदी, भागिले दोन.
बिनकेसाच्या गुलाबी कातड्याखाली वाटाणा.
पलीकडच्या पिंजऱ्यात, ज्यांना नुसतं मिठाचं पाणी,
जांभूळ.
लिंबू व्हायच्या आत थांबायचं, असा नियम आहे.

उत्तरायणाला सुट्टी नव्हती.
गच्च्यांवरून काप्यो, काप्यो,
आणि एकशेबारा नंबर, डाव्या कानाला दोन खाचा,
मागच्या पायांवर उभा राहून ऐकत होता.
सहा दिवस त्याची गाठ तेवढीच.
मी दोनदा मोजली. तिसऱ्यांदा रामसिंगकडून मोजवून घेतली.
"बेन, अटकी गई?"
अटकली नाही रे, रेंगाळलीय.
त्यानं हातमोजा काढून
मला तिळाची चिक्की दिली.

एकविसाव्या दिवशी
औषधवाले आणि मिठाच्या पाण्याचे
एकाच पेटीत जातात.
वायू हळू सोडायचा असतो, मी घड्याळाकडे बघते.
नंतर आलेखात दोन रेषा:
एक चढत गेलेली,
एक जमिनीला धरून चाललेली.
मधल्या रिकाम्या जागेवर सर खूश आहेत.
मीही आहे, खोटं कशाला बोलू.

आजोबांच्या प्रत्येक नकलेखाली ठरलेली ओळ असे,
ताडून पाहिली, अस्सलबरहुकूम.
मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिते:
एकशेबारा. वाढ मंद. वजन टिकून.
भूक चांगली होती.

मग 'होती' खोडलं.
रकान्यात तेवढी जागा नव्हती.